कर्ज फिटलं, बोजा उतरला नाही

रिसोड तालुक्यातले आमचे एक नातेवाईक आहेत. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांना जुना ट्रॅक्टर विकायचा होता. गिऱ्हाईक ठरलं, इसारही घेतला, आणि कागद बघायला आम्ही वाशिमला एका ऑनलाइनच्या दुकानात गेलो. मुलानं एमएच 37 पासून सुरू होणारा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, एचपी चढेलच हाय अजून."

दादा म्हणाले, "कर्ज तं फिटलं ना बापा दोन सालं झाले. मंग हे काऊन दिसून राह्यलं?"

मुलगा सहज बोलून गेला, "फिटलं असन. पण उतरवलं नाई ना कोनं."

त्या एका वाक्यात मराठीची दोन क्रियापदं समोरासमोर उभी राहिली. मी घरी आलो तरी ती डोक्यातून जाईनात. फिटणं आणि उतरवणं. दादांची सगळी अडचण या दोन शब्दांच्या मधल्या फटीत होती.

आपण म्हणतो, कर्ज फिटलं. गाठ फिटते, नेसूचं फिटतं, डोळ्यांचं पारणं फिटतं, आयुष्यभराचे पांग फिटतात. जे घट्ट बांधलेलं होतं ते सुटणं म्हणजे फिटणं. त्याचंच सकर्मक रूप फेडणं. लुगडं फेडतात आणि ऋणही फेडतात. मराठी माणसाच्या मनात कर्ज ही अंगाला बसलेली गाठ आहे, हे या क्रियापदानं कधीचं सांगून ठेवलंय. गंमत अशी की इंग्रजीतला 'लीन' हा शब्दही, म्हणजे सावकाराचा वस्तूवरचा हक्क, नेमक्या याच कल्पनेतून आला. तो फ्रेंचमधून घेतलेला, त्याच्या मुळाशी लॅटिन 'लिगारे', म्हणजे बांधणं. बँका खात्यावर लीन लावतात तेव्हा त्या एक गाठच मारत असतात. आपल्या वारकऱ्याचा चरणी लीन होण्यातला लीन मात्र वेगळा. तो 'ली' धातूचा, चिकटण्याचा, विरघळून जाण्याचा. कानाला एक, कुळं दोन.

फिटणं अकर्मक आहे. शेवटचा हप्ता गेला की कर्ज आपोआप फिटतं, त्याला दुसऱ्या कुणाच्या हाताची गरज नसते. बोजा मात्र उतरत नाही, तो उतरवावा लागतो. सातबाऱ्यावर बोजा चढवतात, बोजा उतरवतात, बोजा कमी करतात. तलाठी चढवतो, बँक चढवायला सांगते, कुणीतरी उतरवतं. क्रियापदाच्या पोटात कर्ता बसलेला आहे, आणि तो कर्ता शेतकरी नाही. दादांचं कर्ज त्यांनी फेडलं होतं. बोजा उतरवणं त्यांच्या हातात नव्हतं.

बोजा आणि ओझं हे एकाच घरातले. प्राकृतात 'वोज्झ' होता, जुन्या मराठीत 'वोझें', मग ओझं. हिंदीकडून तोच बोझ होऊन परत आला आणि आपण त्याला बोजा म्हणून कागदावर बसवलं. डोक्यावर असतं ते ओझं आणि सातबाऱ्यावर असतो तो बोजा, अशी वाटणी भाषेनं परस्पर करून घेतली. या दोघांचं मूळ अभ्यासक 'वह्' धातूशी नेऊन जोडतात. वाहणं, वाहक, वाहन हे सगळे तिथलेच. वाहन म्हणजे जे वाहून नेतं ते, आणि ओझं म्हणजे जे वाहून न्यायचं ते. गाडीच्या नोंदणीवर बोजा चढतो तेव्हा एकाच धातूची दोन लेकरं एका कागदावर भेटतात.

आरटीओच्या व्यवहारात मात्र बोजा म्हणत नाहीत, एचपी म्हणतात. एचपी चढली, एचपी उतरली, एचपी कॅन्सल केली. या दोन अक्षरांमागे आधी 'हायर पर्चेस' होतं, म्हणजे भाडे-खरेदी: गाडी फायनान्सवाल्याची, तुम्ही भाडं भरत राहायचं, शेवटचं भाडं भरलं की गाडी तुमची. आता बहुतेक गाड्या 'हायपोथिकेशन'वर असतात: गाडी पहिल्या दिवसापासून तुमची, तिच्यावर हक्क मात्र कर्ज देणाऱ्याचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 51 वं कलम या दोन्ही व्यवहारांना धरून आहे. नोंद चढवायला फॉर्म 34, उतरवायला फॉर्म 35. कायदा बदलला, व्यवहार बदलला, लोकांच्या तोंडची एचपी तीच राहिली. ट्रॅक्टरवाल्यांना तर एचपी म्हटलं की आधी हॉर्सपॉवर आठवते. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर आणि त्याच्यावर एचपी, या वाक्यात एक एचपी ओढते आणि दुसरी मागून धरून ठेवते.

या हायपोथिकेशनला मराठीत नेमका आणि सुंदर शब्द आहे, नजरगहाण. सहकारी बँकांच्या अर्जांत तो अजून छापलेला सापडतो. गहाण हा 'ग्रहण'चा मुलगा. ग्रहण, गहण, गहाण असा प्राकृतातून चालत आलेला. ग्रहण म्हणजे धरणं, हातात घेणं. गहाण ठेवलेलं सोनं सावकाराच्या तिजोरीत जातं, हातातून हातात. पण ज्या वस्तूवर पोट चालतं ती सावकाराच्या हातात देऊन कसं चालेल? बैल गहाण टाकला तर पेरणी कशानं करायची? म्हणून वस्तू मालकाच्याच दारात ठेवायची आणि सावकारानं तिच्यावर फक्त नजर ठेवायची. हातातलं गहाण डोळ्यात आलं. 'नजर' अरबीतून, 'गहाण' संस्कृत-प्राकृतातून, आणि दोघांनी मिळून जो अर्थ उभा केला तो कायद्याच्या पानभर व्याख्येपेक्षा स्वच्छ आहे. आमच्याकडे लेकराची नजर उतरवतात तेव्हा मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात. या नजरेला तसला उतारा नाही, तिला फॉर्म 35 लागतो.

हायपोथिकेशनच्या मुळाशी ग्रीक शब्द 'हुपोथेके'. 'हुपो' म्हणजे खाली आणि पुढचा भाग ठेवणं या अर्थाच्या क्रियापदाचा. खाली ठेवलेलं, पायाशी दिलेलं. रोमन कायद्यात या प्रकाराची सुरुवात शेत कसणाऱ्या कुळांच्या जनावरांपासून आणि अवजारांपासून झाली, असं कायद्याचे इतिहासकार मानतात. कुळानं आपली अवजारं जमीनमालकाला तारण म्हणून सांगायची, पण वापरायची स्वतःच, कारण अवजारं काढून घेतली तर खंड भरणार कशातून? दोन हजार वर्षांपूर्वीचा तो नांगर आणि रिसोडच्या शिवारातला हा ट्रॅक्टर यांच्यामागे विचार अगदी एकच आहे.

आणि इथे शब्दांनी मला एक देणगी दिली. ग्रीक शब्दातला हा 'ठेवणं' आणि संस्कृतातला 'धा' हे भाषाशास्त्राच्या दृष्टीनं सख्खे भाऊ. आपल्या स्मृतींमध्ये गहाणाला शब्द आहे 'आधि', तोही याच 'धा'पासून. म्हणजे अथेन्सच्या बाजारात आणि याज्ञवल्क्याच्या स्मृतीत गहाणासाठी एकाच धातूनं घडवलेला शब्द बोलला जात होता. याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर 'आधि'चे दोन प्रकार सांगतो: गोप्य, म्हणजे नुसता जपून ठेवायचा, आणि भोग्य, म्हणजे ज्याचं उत्पन्न सावकारानं खायचं. तो चालुक्यांच्या कल्याणीत बसून लिहीत होता. आजचं बसवकल्याण ते, इथून काही फार लांब नाही. आणखी एक जोडी पाहा. ग्रीकांनी हायपोथिकच्या शेजारीच हायपोथेसिस घडवला. आपण त्याला मराठीत म्हणतो गृहीतक. गहाण आणि गृहीतक, दोन्ही 'ग्रह्'चे. तिकडे 'ठेवणं' या क्रियेतून जी दोन माणसं जन्मली, तीच इकडे 'धरणं' या क्रियेतून जन्मली. कुणी ठरवून केलेलं नाही. माणसाचं मन वस्तू ताब्यात घेताना आणि विचार मान्य करताना एकाच हालचालीचा आधार घेतं, एवढंच.

भोग्य 'आधि' म्हटलं की मला नेहमी आमचा वऱ्हाडच आठवतो. 1853 साली निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. कशासाठी? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च आणि त्यापोटी थकलेलं देणं वसूल व्हावं म्हणून. मालकी निजामाची, उत्पन्न इंग्रजांच्या हातात. इंग्रजी दप्तरात या मुलखाचं नावच 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं पडलं, म्हणजे सोपवून दिलेले जिल्हे. त्यातलाच एक जिल्हा बासीम, म्हणजे आमचं वाशिम. 1902 साली व्हाइसरॉय कर्झनच्या काळात वर्षाला 25 लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या पट्ट्यानं घेतला गेला, आणि 1905 साली बासीम जिल्हाच मोडून त्यातला बराचसा भाग अकोल्यात घातला. पुन्हा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. ज्या भूमीवर असा बोजा पन्नास वर्षं चढलेला होता आणि शेवटी उतरलाच नाही, तिथली माणसं 'बोजा' हा शब्द इतक्या सवयीनं का उच्चारतात, हे मला समजतं.

याच गावात याच्या अगदी उलट प्रकारचा कागदही निघाला. कागद नव्हे, तांबं. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कवी राजशेखरानं ज्या गोड भाषाशैलीला 'वच्छोमी' म्हटलं ती याच गावाच्या नावावरून. 1939 साली इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. नांदेडकडचं एक गाव त्यानं ब्राह्मणांना दान दिलं, आणि ते गाव कोणकोणत्या करांतून, कोणकोणत्या हक्कांतून मोकळं आहे याची यादीच त्यात कोरली. वंशावळ संस्कृतात, पण प्रत्यक्ष दानाचा, हक्काचा, सुटींचा भाग प्राकृतात. कामाची गोष्ट लोकांच्या भाषेच्या जवळ आणून लिहिली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ते बोजाविरहित मालकीपत्र होतं. इंग्रजीतला 'टायटल' लॅटिन 'टिटुलुस'पासून आला, म्हणजे कोरलेली पाटी, नावाचा फलक. त्या अर्थानं हा ताम्रपट अक्षरशः टायटल. राजाच्या कारकिर्दीचं वर्ष त्यावर दिलंय ते 37 वं. दादांच्या ट्रॅक्टरच्या पाटीवरचा आकडाही तोच. योगायोगच, पण तो कळल्यापासून मला एमएच 37 ची पाटी दिसली की तो तांब्याचा पत्रा दिसतो.

आपण मराठीत टायटल म्हणत नाही. आपण म्हणतो, गाडी कुणाच्या नावावर आहे? नाव आणि वर, एवढ्या दोन शब्दांत सगळी मालकी. अमेरिकेत टायटल हा आरसीपेक्षा वेगळा कागद असतो आणि बहुतेक राज्यांत कर्ज असेपर्यंत तो सावकाराकडेच राहतो. आता तिथल्या बऱ्याच राज्यांत तो कागदही छापत नाहीत, सावकार आणि सरकारी खातं यांच्या संगणकांत तो नुसती नोंद म्हणून असतो आणि कर्ज संपलं की मालकाकडे पाठवला जातो. आपल्याकडे आरसी मालकाच्याच खिशात असते, तिच्या पोटात फायनान्सवाल्याचं नाव. आरसीला अजून 'बुक' म्हणतात. पुस्तक जाऊन प्लास्टिकचं कार्ड आलं त्याला वर्षं झाली, पण आमच्याकडे "गाडीचं बुक आणलं का?" असंच विचारतात.

ते कार्ड दादांनी पाकिटातून काढलं तेव्हा मी ते हातात घेतलं. एका कोपऱ्यात पिवळं पडलेलं, सोयाबीनच्या धुळीनं अक्षरं मळलेली. सगळा मजकूर इंग्रजी. ज्या ओळीत फायनान्सवाल्याचं नाव होतं, त्या ओळीवर दादांचा अंगठा नेमका पडत होता. सहा वर्षं ते हे कार्ड बाळगत होते आणि त्या ओळीत काय लिहिलंय हे त्यांना त्या दिवशी कळलं.

हप्ता हा शब्दही बघा, किस्तही बघा. आमच्याकडे हप्त्याला किस्तही म्हणतात. हप्ता फारसी, 'हफ्त' म्हणजे सात. आठवडा. आपला सप्त आणि त्यांचा हफ्त एकच. आठवड्याची उगाही मागे पडली, महिन्याची आली, ट्रॅक्टरची तर सहामाहीही असते, तरी नाव हप्ताच. किस्त अरबी. अरबीत 'किस्त'चा अर्थ वाटा, आणि त्याहून आधी न्याय, रास्तपणा. ज्याच्या वाट्याला जेवढं येतं तेवढं नेमकं, ते किस्त. हा अर्थ आमच्या बांधावर पोचेपर्यंत कुठेतरी गळून पडला.

तारण मात्र मला फार जवळचा. 'तृ' म्हणजे पार होणं, तारणं म्हणजे पार नेणं. तारू, तरणं, तीर्थ, तारणहार ही सगळी पाण्यातली माणसं. तारण ठेवणं म्हणजे नदी पार करायला होडी धरणं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल घ्यायची आणि भाव चढायची वाट पाहायची. तिथे हा शब्द खरा होतो. काढणीच्या वेळच्या पडलेल्या भावातून पुढच्या भावापर्यंत होडी नेते.

आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. इकरार.

सोसायटीचं पीककर्ज घेताना सभासद शेतकरी इकरार करून देतो. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या 48 व्या कलमाखाली तो लिहून देतो की माझ्या अमुक गटावर या संस्थेचा बोजा राहील. मग ती नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात जाते. इकरार अरबी आहे, 'करार'चा सख्खा भाऊ. मूळ धातूचा अर्थ स्थिर होणं, जागेवर बसणं. करार म्हणजे ठरलेली, बसलेली गोष्ट. त्याला आधी 'इ' लागला की अर्थ होतो बसवणं, पक्कं करणं, स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. करार दोघांत होतो. इकरार एकट्याचा असतो. "होय, हे देणं माझं" असं माणूस आपल्या जिभेनं म्हणतो, तो इकरार. त्या 'इ'मध्ये माणसाचं तोंड आहे.

ई-हक्क प्रणाली आली. घरून किंवा बँकेतून फेरफाराचा अर्ज करता येऊ लागला, आणि ही सोय मोठीच आहे. त्यातल्या नोंदींच्या यादीत बोजा चढवणे, बोजा कमी करणे, वारस नोंद यांच्या जोडीला एक नाव दिसतं: ई-करार. ऱ्हस्व 'इ' दीर्घ झाली, तिच्यापुढे एक आडवी रेघ आली, आणि इकरार मोडून इलेक्ट्रॉनिक करार झाला. आता नव्या मुलांना विचारा, ते सांगतील की ऑनलाइन करार म्हणजे ई-करार. बँकेतली माणसंही तेच समजतात. इलेक्ट्रॉनिकमधली 'ई' ग्रीक 'एलेक्ट्रॉन'ची, म्हणजे तृणमणी, घासला की काडी ओढून घेणारा तो पिवळा खडा. त्या खड्याची 'ई' येऊन कबुली देणाऱ्या तोंडाच्या 'इ'वर बसली.

लोकव्युत्पत्तीनं शब्द बदलतात, त्यात वावगं काही नाही. भाषा अशीच चालते. पण इथे बदल वाटेवर झाला नाही, खिडकीत झाला, आणि त्यात एक अर्थ खरोखर हरवला. इकरार एकट्याचा होता, त्यात बोलणारा कोण हे स्पष्ट होतं. ई-करारात बोलणारा कोण? दादांचंच बघा. बोजा चढवताना त्यांच्या सह्या, अंगठे, फोटो, सगळं घेतलं होतं. उतरवताना त्यांनी काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. फॉर्म 35 वर मालकाची आणि फायनान्सवाल्याची, दोघांची सही लागते, ही गोष्ट त्यांना त्या दुकानातल्या मुलानं सांगितली. 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत आता कर्ज देणाऱ्या संस्था आपली एनओसी थेट संगणकावरून पाठवू शकतात. 2021 च्या मार्चमध्ये केंद्रानं आधारच्या ओळखीवर घरबसल्या करता येणाऱ्या 18 सेवा जाहीर केल्या, त्यात एचपी चढवणं-उतरवणंही होतं. यंत्र तयार आहे. पण ज्यानं पाठवायचं त्यानं पाठवलं नाही, तर फेडणारा माणूस फेडूनही बांधलेलाच राहतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण गाठ आता दिसत नाही.

कागदाच्या काळी ती दिसायची. 'खत' म्हणजे अरबीत रेघ, लिखाण. गहाणखत, कर्जखत. देणं फिटलं की सावकार खत रद्द करून हातात द्यायचा, माणूस ते तिथेच फाडायचा. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा उसळला, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवाला फारसा हात लावला नाही. त्यांना हवी होती खतं. ती ओढून काढली आणि जाळली. खत जळलं की गाठ सुटते अशी त्यांची खात्री होती. आज जाळायला काही नाही, हे बरंच आहे. पण फाडायलाही काही नाही. दादांच्या पिढीला कर्ज फिटल्याची खूण लागते, हातात येणारी.

दादांना ज्या फायनान्सवाल्यांकडून कर्ज मिळालं होतं, त्यांची आमच्याकडची शाखा बंद झालेली. फोनवर बोलणारी माणसं हिंदीत बोलायची आणि 'लोन क्लोज्ड' एवढंच सांगायची. क्लोज्ड म्हणजे बंद. आता बघा, बंद हा 'बांधणं'च्या कुळातला शब्द. त्यांच्या दृष्टीनं खातं बांधून बाजूला ठेवलं होतं. दादांना हवं होतं फिटलेलं. इसार दिलेलं गिऱ्हाईक तीन आठवडे थांबलं, मग दुसरीकडे गेलं. एनओसी आली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. ट्रॅक्टर दारातच राहिला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. मुलानं नंबर टाकला, ओटीपीसाठी दादांचा मोबाइल मागितला, आकडे भरले. पडदा दादांकडे वळवला आणि बोट ठेवलं. त्या ओळीत काही नव्हतं.

दादा पुढे वाकले, चष्मा वर केला, आणि बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "याची एक झेरॉक्स काढ बापा."

मुलानं प्रिंट काढली. दादांनी ती चार घड्या करून कार्डाच्या मागे पाकिटात सरकवली.